भिंगाआडची धुळकट दीर्घिका: काय खरं, काय भिंगाचं

प्रश्न: मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. एका व्याख्यानात मुलांना नारिंगी कड्याचं चित्र दाखवलं गेलं. ती १२ अब्ज वर्षांपूर्वीची दीर्घिका आहे आणि वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे ती कड्यासारखी दिसते, असं सांगितलं. मुलांचं म्हणणं: आकार वाकलेला, प्रकाश वाढवलेला, वर धुळीचा पडदा, आणि चित्र कॉम्प्युटरने तयार केलेलं, मग त्यात खरं काय उरलं? मला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय नाशिकमध्ये राहून यातलं काही प्रत्यक्ष करता येईल का?

उत्तर:

मुलांना आधी हे सरळ सांगून टाका: त्या चित्रातला नारिंगी रंग आम्ही दिलेला असतो, कड्याचा आकार भिंगाचा, म्हणजे वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाचा असतो, आणि दिसणारं तेज खऱ्यापेक्षा दहा, वीस, कधी तीस पट जास्त असतं. एवढं कबूल केल्यावरही हातात बरंच उरतं. दीर्घिका किती दूर आहे, तिच्यात कोणते रेणू आहेत, त्यांची किरणं कोणत्या तरंगलांबीवर येतात, याला भिंग हात लावत नाही. ती किती मोठी, किती जड, वर्षाला किती तारे घडवते, याला मात्र लावतं. तिथे आम्हाला एका आकड्याने भागावं लागतं. तो आकडा आकाशात कुठे लिहिलेला नसतो, तो आपणच काढायचा असतो. माझी बरीच वर्षं या भागाकारातच गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात धुळीपासून करू. ही धूळ नाशिकच्या द्वारका सर्कलवरची नव्हे. बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक, वाळूसारख्या सिलिकेटचे आणि कार्बनचे. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांत आणि ताऱ्यांच्या स्फोटांत तयार झालेले. नवे तारे जन्मतात ते नेमके या धुळीने भरलेल्या थंड ढगांत. त्यांचा अतिनील आणि दृश्य प्रकाश धूळ शोषून घेते, थोडी गरम होते आणि तीच ऊर्जा दूरच्या अवरक्त किरणांत बाहेर टाकते. थोडी गरम म्हणजे ३० ते ४० केल्विन, उणे २४० अंश सेल्सियसच्या आसपास. अशा वस्तूचं उत्सर्जन साधारण १०० मायक्रॉनला सर्वाधिक असतं. म्हणजे जी दीर्घिका सगळ्यांत जोरात तारे घडवत असते, तीच साध्या दुर्बिणीला सगळ्यांत कमी दिसते. हे किरकोळ नुकसान नाही. कोबे उपग्रहाच्या मोजणीतून १९९० च्या दशकात अवरक्त पार्श्वभूमीचा, म्हणजे आकाशभर पसरलेल्या अवरक्त उजेडाचा हिशेब लागला, तेव्हा कळलं की विश्वातल्या दीर्घिकांनी आजवर दिलेल्या प्रकाशापैकी जवळपास निम्मा धुळीने गिळून पुन्हा बाहेर टाकलेला आहे. फक्त दृश्य प्रकाशात विश्वाचा इतिहास लिहिणं म्हणजे निम्मी पानं न वाचता लिहिणं.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जातो, म्हणून १०० मायक्रॉनचं शिखर आपल्यापर्यंत येईतो ४००-५०० मायक्रॉनला पोचलेलं असतं. इथे निसर्गाने आम्हाला एक अनपेक्षित सवलत दिली आहे. तुम्ही ८५० मायक्रॉनला बघत असाल, तर दीर्घिका जितकी दूर, तितकं तिचं शिखर तुमच्या खिडकीच्या जवळ सरकतं. अंतरामुळे प्रकाश मंदावतो आणि या सरकण्यामुळे वाढतो, दोन्ही जवळजवळ बरोबरीत सुटतात. परिणाम असा, की ताम्रसृती (प्रकाश किती पट ताणला गेला, त्यातून १ वजा) १ असो की ८, सारख्याच क्षमतेची दीर्घिका ८५० मायक्रॉनला साधारण तेवढीच तेजस्वी दिसते. या आणि याच्या आसपासच्या मिलिमीटर तरंगलांबी सोडल्या, तर इतकी सोय नाही. वर्गात हे आलेखावर काढून दाखवा. तोंडी सांगून मुलं विश्वास ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये.

अडचण पाण्याच्या वाफेची. हवेतली वाफ ही किरणं पिऊन टाकते, त्यामुळे नाशिकला जुलैच काय, जानेवारीतही हे निरीक्षण शक्य नाही. म्हणून हवाईतल्या मौना केआवर ४,२०० मीटरवर, चिलीतल्या चाहनंतोर पठारावर ५,००० मीटरवर, थेट दक्षिण ध्रुवावर, नाहीतर अवकाशात जावं लागतं. मौना केआवरच्या स्कूबा या कॅमेऱ्याने १९९७ मध्ये अशा पहिल्या दूरच्या दीर्घिका सापडल्या. स्मेल, आयव्हिसन आणि ब्लेन या तिघांनी तो कॅमेरा मुद्दाम दीर्घिकांच्या समूहांवर रोखला होता, कारण समूहाच्या गुरुत्वामुळे मागचं आकाश उजळ होतं. म्हणजे हा विषय जन्मालाच आला तो भिंगाचा आधार घेऊन.

आता भिंग. मुलांच्या डोक्यात भिंग म्हटलं की बहिर्गोल भिंग येतं, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. बहिर्गोल भिंगात किरण मध्यापासून जितका लांब, तितका जास्त वळतो, म्हणून सगळे किरण एका बिंदूत येतात. गुरुत्वीय भिंगात उलटं: वस्तुमानाच्या जवळून जाणारा किरण जास्त वळतो, लांबून जाणारा कमी. त्यामुळे नाभीबिंदूच नसतो, नीट प्रतिमा पडत नाही. सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) वळतो, हे १९१९ च्या ग्रहणात मोजलं गेलं. याचं हातात धरण्याजोगं रूप आपल्या शहरात सहज मिळतं: वाइनच्या ग्लासाची खालची गोल चकती. दांडा काचकाम करणाऱ्याकडून कापून घ्या. चकती मध्याशी जाड आणि कडेकडे झपाट्याने पातळ होते, तो उतार बिंदूवस्तुमानाच्या भिंगाच्या बराच जवळ जातो. ग्राफ पेपरवर एक ठळक ठिपका काढा आणि चकतीतून बघा. ठिपका बरोबर मध्याखाली आला की कडं दिसतं, जरा सरकला की दोन बाजूंना दोन चंद्रकोरी. ग्राफच्या चौकटी कुठे फुगतात, कुठे चेपतात, तेही बघा. पुढचं सगळं त्यातच आहे. नाशिकमध्ये ग्लासांची वानवा नसावी, फक्त शाळेत नेताना मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या.

कड्याच्या मापाचं गणित बारावीच्या मुलाला जमेल असं आहे. भिंग होणाऱ्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांच्या वेगांचा पसारा प्रकाशवेगाने भागा, वर्ग करा, ४π ने गुणा आणि शेवटी अंतरांच्या एका गुणोत्तराने गुणा: भिंगापासून मागच्या दीर्घिकेपर्यंतचं अंतर भागिले आपल्यापासून मागच्या दीर्घिकेपर्यंतचं अंतर. पसारा सेकंदाला २५० किलोमीटर धरला, तर गुणोत्तर लावण्यापूर्वी १.८ विकला येतात. गुणोत्तर ०.८ धरलं, तर कड्याची त्रिज्या १.४ विकला. पूर्ण चंद्र साधारण १,८०० विकलांचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

हेच उलट वाचलं, तर कड्याच्या मापावरून त्याच्या आतलं सगळं वस्तुमान कळतं, दिसणारं आणि न दिसणारं दोन्ही, आणि तेही बऱ्याचदा काही टक्क्यांच्या अचूकतेने. दीर्घिकेचं वजन करण्याचा याहून भरवशाचा मार्ग मला माहीत नाही.

धुळकट दीर्घिकांच्या बाबतीत भिंग विशेष गोड काम करतं, आणि ही गोष्ट व्याख्यानांत क्वचितच सांगितली जाते. भिंग होणारी दीर्घिका बहुधा लंबगोल, म्हातारी, धूळ जवळजवळ संपलेली असते. ती दृश्य प्रकाशात झळकते, पण ८५० मायक्रॉनला जवळपास काळी. मागची दीर्घिका धुळीत गुरफटलेली, म्हणून दृश्य प्रकाशात बहुतेक वेळा दिसतच नाही, पण ८५० मायक्रॉनला झगझगीत. हबलच्या चित्रात फक्त भिंग दिसतं, चिलीतल्या अल्मा या अँटेनांच्या समूहाच्या चित्रात फक्त कडं. दृश्य प्रकाशातल्या भिंगांचा अभ्यास करणाऱ्यांना पुढच्या दीर्घिकेची चमक वजा करताना घाम फुटतो. आम्हाला ते करावंच लागत नाही.

मग ही भिंगं सापडतात कशी? हर्शेल ही अवकाशदुर्बीण मे २००९ मध्ये उडाली आणि २०१३ पर्यंत चालली. तिचा आरसा ३.५ मीटरचा होता, पण ५०० मायक्रॉनला एवढ्या आरशालाही ३६ विकलांपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही. १.४ विकलांचं कडं तिच्यासाठी नुसता ठिपका. तरी भिंगं सापडली, आणि ती युक्ती मला आजही या विषयातली सर्वांत देखणी वाटते. तेज जसजसं वाढतं, तसतशी तेवढ्या तेजाच्या धुळकट दीर्घिकांची संख्या नुसती कमी होत नाही, कोसळते. एका मर्यादेपलीकडे तेवढी तेजस्वी दूरची दीर्घिका निसर्गात जवळपास असूच शकत नाही. म्हणून ५०० मायक्रॉनला १०० मिलीजान्स्कीपेक्षा (हे तेज मोजायचं एकक) तेजस्वी ठिपका दिसला, तर तो एक तर शेजारची सर्पिल दीर्घिका असणार, किंवा आपल्याकडे तोंड करून रेडिओ झोत सोडणारा ब्लेझार, किंवा आपल्याच आकाशगंगेतला ढग. हे तिन्ही जुन्या नोंदींवरून सहज ओळखता येतात. ते वगळून जे उरेल, ते भिंग.

हर्शेलच्या एच-ॲटलस सर्वेक्षणाच्या पहिल्या १४.४ चौरस अंशांत असे ११ ठिपके होते. त्यांतल्या चार जवळच्या सर्पिल दीर्घिका, एक ब्लेझार, एक आपल्या आकाशगंगेतला ताऱ्यांचा पाळणा. उरलेले पाचच्या पाच भिंगं निघाले. नेग्रेलो आणि सहकाऱ्यांनी हे २०१० मध्ये प्रसिद्ध केलं. चित्र न बघता, केवळ तेज मोजून भिंग ओळखण्याचा इतका अचूक मार्ग त्याआधी नव्हता. दक्षिण ध्रुवावरच्या १० मीटर दुर्बिणीने (एसपीटी) पुढे याच पद्धतीने आणखी कितीतरी गोळा केली.

फसगत कशी होते, तेही मुलांना सांगा. १९९१ मध्ये आयरास या अवरक्त उपग्रहाच्या यादीतून एफ १०२१४+४७२४ नावाची एक वस्तू पुढे आली, ताम्रसृती २.२८६. अंतरावरून तेजाचा हिशेब केला, तर तोवर माहीत असलेल्या सगळ्यांत तेजस्वी वस्तूंच्या रांगेत ती पहिली बसत होती. काही वर्षं तिच्याबद्दल तसंच बोललं गेलं. १९९५-९६ च्या सुमारास बारीक चित्रं आली आणि दिसलं की ती चंद्रकोरीसारखी वाकलेली आहे, पुढे एक दीर्घिका उभी आहे. तेजाचा मोठा भाग भिंगाने दिलेला होता. ताम्रसृती मात्र २.२८६ च राहिली, तिला धक्का लागला नाही. तुमच्या मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका वस्तूत आहे.

ताम्रसृती इतकी भरवशाची का, हे आकड्यांनी बघा. धुळीच्या रंगावरून ती काढता येत नाही: जवळची थंड धूळ आणि दूरची गरम धूळ एकसारखी दिसते. म्हणून वर्णपटातल्या रेषा लागतात. थंड वायूतला कार्बन मोनॉक्साइड हा रेणू फिरता फिरता ठरावीक वारंवारतांवर किरणं सोडतो. पहिली पायरी ११५.२७ गिगाहर्ट्झ, पुढच्या जवळजवळ तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. विश्व प्रसरण पावल्याने सगळी शिडी एकाच प्रमाणात दबते. एसपीटी ०४१८-४७ ही दीर्घिका घ्या. तिच्या दोन लगतच्या रेषा ८८.२४ आणि ११०.२९ गिगाहर्ट्झला येतात. फरक २२.०५. पहिलीला फरकाने भागा, बरोबर ४ येतात, म्हणजे ती चौथी पायरी. चौथ्या पायरीची मूळ वारंवारता ४६१.०४, तिला ८८.२४ ने भागा, ५.२२५. त्यातून १ वजा करा: ताम्रसृती ४.२२५. प्रकाश निघाला तेव्हापासून विश्व ५.२२५ पट ताणलं गेलं आहे आणि तेव्हा त्याचं वय दीड अब्ज वर्षांच्या आत होतं. या हिशेबात भिंगाचा कुठे संबंधच आला नाही, कारण गुरुत्व सगळ्या तरंगलांबी सारख्याच वळवतं. पेपरात घालण्यासारखं गणित आहे.

आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा तर आणखी ठळक असते. त्याच दीर्घिकेत ती ताणली जाऊन ८२५ मायक्रॉनला येते आणि चिलीतून दिसते. आपल्याच आकाशगंगेतली तीच रेषा न ताणता बघायची, तर हवेच्या वर जावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून एक मीटरची दुर्बीण फुग्याला बांधून सोडली आणि जपानी उपकरण वापरून ती मोजली. इथल्या ढगांत ही रेषा काय सांगते ते समजल्याशिवाय तिथल्या दीर्घिकेतला तिचा अर्थ लागत नाही.

आता "कॉम्प्युटरने तयार केलेलं" या आक्षेपाकडे येतो. अल्मा ही एक दुर्बीण नाही. ६६ अँटेना आहेत, त्या १६ किलोमीटरपर्यंत पांगवता येतात. अँटेनांच्या प्रत्येक जोडीकडून एकेक मोजमाप येतं. ४३ अँटेना चालू असतील, तर ९०३ जोड्या. या मोजमापांतून चित्र उलगडावं लागतं आणि मधल्या रिकाम्या जागा गणिताने भराव्या लागतात. मुलांचा संशय इथे योग्य जागी आहे, आणि तो खरा ठरल्याचं उदाहरणही आहे. २०१० मध्ये एका समूहाच्या मागे ३२ पट उजळलेली एक दीर्घिका सापडली. ती इतकी लांबट दिसते की तिला वैश्विक पापणी म्हणतात. तिच्यात शेकडो प्रकाशवर्षं रुंदीचे, ताऱ्यांनी खचाखच भरलेले गोळे दिसले आणि त्यावर बराच सिद्धान्त उभा राहिला. २०२० मध्ये अल्माची कितीतरी संवेदनशील निरीक्षणं आली, त्यांत ते गोळे नव्हतेच. धूळ सलग पसरलेली होती. सिग्नल क्षीण असला, की चित्र उलगडण्याची पद्धत सलग उजेडाचे तुकडे करते. तेव्हापासून कुणी "गोळे सापडले" म्हटलं, की मी आधी सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे ते विचारतो.

म्हणून शहाणी मंडळी चित्रावर भिंगाचं गणित करत नाहीत. थेट जोड्यांच्या मोजमापांवर करतात. काम असं चालतं. पुढच्या दीर्घिकेचं वस्तुमान लंबगोलाकार पसरलेलं धरतात: मध्य कुठे, कड्याची त्रिज्या किती, लंबगोल किती चपटा आणि कोणत्या दिशेला, शिवाय आजूबाजूच्या दीर्घिकांची थोडी ओढ. सात-आठ आकडे. मागची दीर्घिका मोकळी सोडतात, ती बारीक चौकटींची जाळी असते, प्रत्येक चौकटीत कितीही उजेड. ही दोन्ही मिळून प्रत्येक जोडीला काय मोजायला हवं होतं ते काढतात, प्रत्यक्षाशी ताडतात, आकडे हलवतात, पुन्हा ताडतात. हे ऐकून कुणी म्हणेल, इतकी मोकळीक दिली तर काहीही जुळेल. जुळत नाही, कारण एकाच दीर्घिकेच्या दोन-चार प्रतिमा कड्यावर वेगवेगळ्या जागी पडलेल्या असतात आणि मागे नेल्यावर त्या सगळ्या एकाच जागी, एकाच रूपात यायला हव्यात. याहून कडक परीक्षा रेषांची. फिरणाऱ्या दीर्घिकेचा एक भाग आपल्याकडे येतो, दुसरा लांब जातो, त्यामुळे प्रत्येक वेगाला तिचा वेगळा तुकडा दिसतो आणि कड्याचा आकार वेगाबरोबर बदलत जातो. या साऱ्या चित्रांना भिंग एकच. पाचपन्नास वेगांची चित्रं एका भिंगाने सुटली, तर ते भिंग बरंचसं खरं मानायला हरकत नाही.

एसडीपी ८१ हे त्यातलं गाजलेलं कडं. अल्माने २०१४ च्या अखेरीस अँटेना १५ किलोमीटरपर्यंत पांगवून ते २३ सहस्रांश विकला इतक्या बारकाईने बघितलं आणि मोजमापं सगळ्यांना खुली केली. वेगवेगळ्या गटांनी आपापल्या प्रोग्रामने भिंग सोडवलं. धुळीच्या प्रकाशाची वाढ कुणाला १६ पटीच्या आसपास मिळाली, कुणाला १८ च्या. तेज भागायचा आकडा दहा-बारा टक्क्यांपर्यंत धरता येतो, असा याचा अर्थ. मुलं विचारतील, नक्की किती? तर इतकं.

याच मोजमापांतून २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट निघाली. भिंगाच्या गुळगुळीत नमुन्याने कड्याचा एक भाग नीट जुळत नव्हता. तिथे सूर्याच्या साधारण एक अब्ज पट वस्तुमानाचा न दिसणारा गोळा ठेवला की जुळत होता. मागच्या धुळकट दीर्घिकेने पुढच्या दीर्घिकेतल्या कृष्णद्रव्याचा गठ्ठा दाखवून दिला.

सर्वांत अवघड भाग अजून सांगितला नाही. "३० पट वाढ" हा आकडा अख्ख्या दीर्घिकेचा सरासरी आहे. ग्राफ पेपरच्या काही चौकटी खूप फुगल्या, शेजारच्या कमी, हे तुम्ही चकतीत बघितलं असेल. समजा दीर्घिकेच्या मध्याशी गरम, दाट वायूचा लहानसा गाभा आहे आणि भोवती थंड वायूचा मोठा पसारा. गाभा नेमका जास्त फुगणाऱ्या जागी आला, तर तो २० पट वाढेल, पसारा सरासरी ५ पटच. आता गरम वायूच्या रेषेचं थंड वायूच्या रेषेशी गुणोत्तर चौपट चुकीचं येईल, आणि तुम्ही अख्खी दीर्घिका फार गरम आहे असा निष्कर्ष काढाल. रेषेच्या आकारालाही हे लागू आहे: जवळ येणारी बाजू जास्त वाढली, तर सममित रेषा एकीकडे कलते. शिवाय तेज बघून निवड केली की लहान, घट्ट दीर्घिकाच जास्त हाती लागतात, कारण त्याच पूर्णपणे फुगणाऱ्या जागेत मावतात. म्हणून बारीक चित्र नसताना केवळ गुणोत्तरांवरून तापमान आणि घनता सांगणाऱ्या निबंधांकडे मी जरा तिरकंच बघतो. मोठ्या संख्येने भिंगं घेऊन सरासरी काढली तर यातलं काही बाजूला पडतं. निवडीचा कल मात्र सरासरीने जात नाही.

इतकं सोसून मिळतं काय? एसपीटी ०४१८-४७ चं कडं २०२० मध्ये फ्रान्चेस्का रिझ्झो आणि सहकाऱ्यांनी सोडवलं. वाढ ३२ पटीच्या आसपास. वर्षाला शेकडो सूर्यांएवढे तारे घडवणारी, विश्वाच्या बालपणातली दीर्घिका खदखदणारी, विस्कटलेली असेल, अशी अपेक्षा होती. निघाली शिस्तीत फिरणारी चकती, फिरण्याचा वेग तिच्यातल्या अस्ताव्यस्त वेगाच्या जवळजवळ दहापट, आजच्या सर्पिल दीर्घिकांसारखी. भिंगाशिवाय तो एक अस्पष्ट ठिपका राहिला असता. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच दीर्घिकेत कार्बनच्या षटकोनी कड्या जोडून झालेल्या मोठ्या रेणूंची ३.३ मायक्रॉनची खूण पकडली. गाडीच्या धुरात असतात त्याच कुळातले हे रेणू.

मला त्याहून आवडलेलं काम ९आयओ९ नावाच्या कड्यावरचं, ताम्रसृती २.५५. धुळीचे लांबट कण चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने रांगेत येतात, त्यामुळे त्यांचं उत्सर्जन किंचित ध्रुवित होतं, म्हणजे त्याच्या लहरी एका ठरावीक दिशेत जास्त कंपतात. भिंग आकार वाकवतं, पण ध्रुवणाची दिशा फिरवत नाही. म्हणून जेम्स गीच आणि सहकाऱ्यांना २०२३ मध्ये ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेतलं १६,००० प्रकाशवर्षांवर पसरलेलं सलग चुंबकीय क्षेत्र दाखवता आलं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारपट क्षीण. आणि हे कडं शोधलं कुणी? सर्वसामान्य लोकांनी. स्पेस वॉर्प्स या प्रकल्पात हजारो हौशी माणसं घरबसल्या चित्रं चाळत होती, त्यांना २०१४ मध्ये ते सापडलं. त्या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक, अनुप्रीता मोरे, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेशी संबंधित आहेत.

नाशिकचा प्रश्न. ८५० मायक्रॉनसारखी किरणं बघणारी उपमिलिमीटर दुर्बीण इथे उभारता येणार नाही, पण मीटर तरंगलांबीला वाफेची अडचण नाही, म्हणून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे, पुण्याला जाताना तुमच्या वाटेवर. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरवर पसरलेल्या. तिथल्या निरीक्षणांतून अर्णब चक्रबर्ती आणि निरुपम रॉय यांनी २०२३ मध्ये ताम्रसृती १.२९ च्या एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर किरणांची नोंद प्रसिद्ध केली. भिंगाने ती सुमारे ३० पट वाढवली होती. तारे ज्या कच्च्या मालातून होतात, तो हा हायड्रोजन. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला तिथे लोकांना प्रवेश असतो. मुलांची एसटी भरून न्या.

घरी करायचं असेल, तर अल्माची मोजमापं साधारण वर्षभर मूळ संशोधकांकडे राहतात, मग सगळ्यांना फुकट खुली होतात. लेन्सट्रॉनॉमी, पायऑटोलेन्स हे भिंग सोडवणारे प्रोग्रामही फुकट आहेत, पायथन येणाऱ्या मुलाला साध्या लॅपटॉपवर चालवता येतात. पहिल्याच दिवशी अल्माच्या फायलींना हात लावू नका, त्या अवाढव्य असतात. आधी प्रोग्रामनेच एक खोटं कडं बनवा, त्यात थोडा गोंगाट मिसळा, आणि दुसऱ्या मुलाला न सांगता त्याच्याकडून मूळ आकडे काढून घ्या. जुळले किती, फसले किती, यावर वर्गात जी चर्चा होईल ती माझ्या या उत्तरापेक्षा उपयोगी असेल.

आणि प्रत्यक्ष आकाशात बघायचं असेल, तर धुळकट दीर्घिका नाही, पण जगातलं पहिलं सापडलेलं गुरुत्वीय भिंग हौशी दुर्बिणीच्या आवाक्यात आहे: १९७९ मध्ये ओळखलेला जुळा क्वासार (क्वासार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा), ०९५७+५६१. सप्तर्षीत, एनजीसी ३०७९ या दीर्घिकेच्या जवळ, एकाच क्वासारच्या दोन प्रतिमा, सहा विकलांच्या अंतरावर, प्रत्येकीची प्रत (तेजाची पायरी, आकडा मोठा तितका ठिपका मंद) १७ च्या आसपास. एका प्रतिमेतला तेजाचा बदल दुसरीत सुमारे ४१७ दिवसांनी दिसतो. डोळ्यांनी जमणार नाही. आठ इंची दुर्बीण, कॅमेरा आणि तारे नीट धरून ठेवणारं माउंट लागेल. नाशिकहून तो ५४ अंशांपर्यंत वर येतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास याम्योत्तरावर, म्हणजे सर्वांत उंच असतो. शहरातून नको, हरसूल किंवा पेठच्या बाजूला, अमावस्येच्या आसपास जा. दोन-तीन मिनिटांची वीस-तीस चित्रं एकावर एक रचा. आधी कडेने दिसणारी एनजीसी ३०७९ शोधा. ती चौकटीत आली, की दोन चिकटल्यासारखे निळसर ठिपके तिच्या उत्तरेला पाव अंशाच्या आत सापडतील. एप्रिलपर्यंत उरकून घ्या, मग हवेतली धूळ वाढते.